पाचवा नंबर

“वाजला का?” आवटी सरांनी त्यांच्या खोलीतून विचारलं.

तबस्सुमचा वाजला. खिडकीत ठेवलेला ऑफिसचा जुना फोन थरथरत कडेपर्यंत सरकला. माझा डब्याच्या पिशवीत वाजला. सरांचा त्यांच्या खिशात वाजला, तो मला भिंतीपलीकडूनही ऐकू आला.

“चारही वाजले,” मी म्हटलं.

“मग सोड जगाला.”

मी बटण दाबलं आणि चाळीस हजार पुरुषांना माझी हाक गेली: ‘काल तुम्ही आला नाहीत. जेवलात का तरी?’

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची, सांगलीतली. विश्रामबागेत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. बाहेर बोर्डावर नुसतं ‘आवटी सर्व्हिसेस’, म्हणजे कशाची सर्व्हिस ते कुणी विचारू नये. आत आम्ही ‘गुलबकावली’ नावाच्या ॲपचं काम करायचो. मोठ्या माणसांचं ॲप. बायकांचे फोटो, चावट गोष्टी, आणि पैसे भरले की एखादीशी गप्पा. घरी मी मोबाईल कंपनीत आहे असं सांगितलं होतं. आमच्या जैन घरात दिवे लागायच्या आत जेवणं उरकतात. मगदुमांची पद्मजा परक्या पुरुषांना बोलावणी धाडते हे कळलं असतं तर आईनं अन्नपाणी सोडलं असतं, आणि ती एकदा सोडते म्हणाली की सोडतेच.

सर लग्नाच्या भाषेत बोलायचे. जाहिरात बघून ॲपवर आले ते वऱ्हाड. आठवडाभर राहिले ते पाहुणे. महिन्यावर टिकले ते जावई. “वऱ्हाड काय, जेवतं आणि जातं,” ते म्हणायचे. “आपलं पोट जावयांवर.” वऱ्हाड आणायचं काम तबस्सुम मुल्लाचं. ती जाहिरातीचे फोटो निवडायची, आणि तिच्या फोटोंत दिसायचं असं काहीच नसे. अर्धवट लोटलेलं दार, गजावर ठेवलेला बांगड्यांचा हात, एवढंच. तेवढ्यावर हजारोंनी यायचे आणि तिसऱ्या दिवशी निघून जायचे. त्यांना परत बोलवायचं काम माझं. माझ्याआधी ते उमाकांत कोष्टी करायचा, आणि मला शिकवलंही त्यानंच.

पहिल्या महिन्यात मी लिहिलेलं वाचून त्यानं डोक्याला हात लावला होता. “मगदूमबाई, ही काय नगरपालिकेची नोटीस आहे? पाणी दोन दिवस येणार नाही, तसं?”

“मग कसं लिहू?”

“हजारांना लिहू नकोस. एकाला लिही. एक माणूस डोळ्यांसमोर आण, त्याला काय हवंय ते ओळख आणि लिही. मग वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, हे मलाच आहे.”

“कुणाला आणू डोळ्यांसमोर?”

“ते तुझं तू बघ की,” तो म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

मी त्यालाच आणला. त्याला सांगितलं नाही, एवढंच. तो ऐकू येईल इतक्या अंतरावर बसून मी त्याला हाका मारायचे आणि त्या चाळीस हजारांना जायच्या. माझी गाडी तिथून रुळावर आली.

रविवारी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसायचो. वरून तिसरी पायरी, कारण दुपारी तिथपर्यंत पुलाची सावली यायची. तो भडंगाचा पुडा आणायचा. आमच्यात लसूण चालत नाही, म्हणून तो एकेक पाकळी निवडून स्वतः खायचा आणि उरलेला पुडा माझ्यापुढं सरकवायचा. लसणाच्या पाकळ्या चालत नाहीत, पण त्याच तेलातलं भडंग चालतं, हा कुठला धर्म असं म्हणून तो वर्षभर हसला. मीही हसले. इतक्या सुखात मी नंतर कधी बसले नाही, हे सरळच सांगते.

एप्रिलात त्याला बेंगलोरला नोकरी लागली. त्यानं पुडा उघडला, लसूण निवडला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “येतेस?”

मी म्हटलं, “बघू.”

आता ‘बघू’ म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. नाही म्हणायची हिंमत नसली की माणूस बघू म्हणतो. माझ्याकडं तर हो म्हणायची हिंमत नव्हती. कोष्ट्याच्या घरात लेक द्यायची म्हटल्यावर बाबांनी काय केलं असतं, आईनं काय सोडलं असतं, काकांनी कुणाकुणाला गोळा केलं असतं, हे सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. तो आणखी दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारी मी घाटावर एकटीच होते. तो बेंगलोरला गेला होता.

त्यानंतर माझं लिहिणं सुधारलं. सर म्हणायचे, पोरीच्या हाताला गुण आलाय. मी लिहायचे, ‘तुमची जागा अजून कुणाला दिलेली नाही.’ मी लिहायचे, ‘रागावला असाल तर रागवा, पण सांगून रागवा.’ आधी शंभरातले तीन परत यायचे, ते सहा यायला लागले. सरांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, सगळा महाराष्ट्र परत येतोय, हा एक मेला येत नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या आधी ॲपच्या मुंबईतल्या मालकांना सगळा तपशील द्यायचा होता. सर म्हणाले, “मगदूम, वर्षाभराच्या याद्या काढ. आणि चाचणी यादी साफ कर. फोन चारच वाजतात आणि मेसेज पाच जातायत. तो कोष्टीचा नंबर राहिलाय बघ. काढून टाक.”

चाचणी यादी म्हणजे आमचेच नंबर. जगाला पाठवण्याआधी मेसेज नीट जातो का, हे बघायला तो पहिल्यांदा आमच्याच फोनवर सोडायचा. सर, तबस्सुम, खिडकीतला फोन, मी, आणि पाचवा कोष्टी. तो गेला त्या दिवशी त्याची खुर्ची उचलली, त्याचा डबा ठेवायचा कप्पा तबस्सुमनं घेतला, पण यादीतनं नंबर काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी यादी उघडली. नऊ महिन्यांत एकशे त्रेचाळीस मेसेज त्याला गेले होते, चाळीस हजारांच्या आधी. प्रत्येकाखाली ‘थांबवा’ असं बटण असतं. ते दाबलं की मेसेज बंद. त्यानं ते दाबलं नव्हतं. आणि प्रत्येक मेसेजपुढं ‘उघडला’ लिहिलेलं होतं. बहुतेक सगळे मिनिटाच्या आत.

मी पाणी प्यायले. परत बघितलं. माझी हाक नऊ महिने जिथं जायला हवी होती तिथंच जात होती.

“काढला का?” सरांनी विचारलं.

“काढते,” मी म्हटलं, आणि काढला नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरळ फोन का केला नाहीस? करायला हवा होता. पण नऊ महिन्यांनी फोन करून काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं, आणि लिहायचं काय ते मला रोज सुचत होतं. ज्याला जे येतं तेच तो करतो. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तो आईला भेटायला माधवनगरला येतो आणि संध्याकाळच्या गाडीनं मिरजेहून परत जातो, हे मला त्याच्या मावसबहिणीकडून कळलेलं होतं. शुक्रवारी पाच वाजता सर कुपवाडला गेलेले बघून मी लिहिलं: ‘नऊ महिने झाले. तेव्हा बघू म्हणाले, ते चुकलं. रविवारी चार वाजता घाटावर, तिसऱ्या पायरीवर थांबते. ये.’

आमचे सगळे मेसेज ‘तुम्ही’ म्हणून असायचे. हा एकच ‘तू’चा होता. गावाचं नाव मी घातलं नाही. आमचा घाट एकच होता.

मी ‘फक्त चाचणी’ निवडलं. सरांना आणि तबस्सुमलाही जाणार हे ठाऊक होतं. पण चाचणीचा मेसेज वाचतो कोण? वाजला का, एवढंच आम्ही बघायचो. दोन वर्षांत तो कुणी वाचलेला मला माहीत नव्हता. मी बटण दाबलं. तबस्सुमचा वाजला, तिनं बघितलाही नाही. खिडकीतला थरथरला. आणि यादीत पाचव्या नंबरपुढं ‘उघडला’ आलं. मी वीसपर्यंत आकडे मोजले होते.

शनिवारी मला सुट्टी होती. मी केस धुतले. आईनं विचारलं, आज कुठला सण? मी म्हटलं, सण कसला, कोंडा झालाय.

रविवारी घाटावर पोचले तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. तिसऱ्या पायरीवर आधीच पुरुष बसले होते. सहा-सात जण. मला वाटलं कुणाचे दहाव्याचे विधी असतील. पण दहाव्याला आलेली माणसं एकमेकांशी बोलतात. हे एकमेकांपासून हात-दोन हात सोडून, नदीकडं तोंड करून बसले होते आणि प्रत्येकजण मधूनच मान वळवून वर बघत होता. केसांना पाणी लावून पाडलेले भांग. इस्त्रीचे शर्ट. एकाच्या गालावर पावडर नीट पुसली गेली नव्हती. दोघं-तिघं आणखी आले, पायऱ्या मोजल्या, एक, दोन, तीन, आणि तिसरीवर बसले.

पायरीच्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ होते. पांढरा शर्ट, मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी. मला बघून ते जरा सरकले.

“ताई, एवढं वाचून द्या,” त्यांनी फोन पुढं केला. “चष्मा घरी राहिला. टाइम चारचाच हाय न्हवं?”

मी वाचलं. नऊ महिने झाले. तेव्हा बघू म्हणाले, ते चुकलं.

खाली आमचंच ‘थांबवा’चं बटण होतं. सरांनी वाचला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चाचणीचा मेसेज वाचला होता, त्यांना तो आवडला होता, आणि शनिवारी मी केस धूत असताना त्यांनी तो जगाला सोडला होता. चाळीस हजारांना. जिथं नदी आहे तिथं घाट आहे आणि तिथं तिसरी पायरी आहे. वाईला, कऱ्हाडला, नाशकाला, पैठणला. आत्ता या वेळी सगळीकडं पुरुष भांग पाडून बसले असतील.

“चारचाच आहे, काका,” मी म्हटलं.

“मग बरं. मी तासगावातनं आलो, दोनचीच एस्टी धरली.” त्यांनी फोन खिशात ठेवला. “खरं न्हाई हे, ते कळतंय मला. मंडळी जाऊन पाच वर्सं झाली, नऊ महिने कुठलं? आन ती बाई काय मला वळखती व्हय? पण पाच वर्सांत चार वाजता ये, असं कुणी म्हणालं न्हाई बघा. म्हटलं, जाऊन तर येऊ.”

मला त्यांच्याजवळ बसवेना आणि उठवेना. मी दोन पायऱ्या वर गेले, पायरीवर उभी राहिले आणि कोष्टीला शोधायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक चेहरा बघत. तो नाही. हाही नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण बघता बघता मी मोजत होते. दोन वर्षांची सवय, बोट आपोआप हलत होतं. बावीस. तेवीस. एकजण कंटाळून उठला, दुसरा आला. सव्वाचार झाले, साडेचार झाले. पंचवीस.

पाचला फोन वाजला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याचं नाव फोनवर आलं होतं. मेसेज होता:

‘मी पुलावरून पंचवीस मोजले. मला धरून सव्वीस.’

मी वर पुलाकडं बघितलं. तिथं गाड्या जात होत्या आणि कठड्याशी कुणीच नव्हतं. मी फोन लावला. त्यानं उचलला. मागं रिक्षाचा आवाज होता.

“कोष्टी, कुठायस?”

“मिरजेला निघालोय. गाडी आहे.”

“परत ये. तो मेसेज तुलाच होता.”

त्यानं रिक्षावाल्याला पुढं घ्यायला सांगितलं. मग म्हणाला, “मगदूमबाई, प्रत्येकाला तसंच वाटतं. मीच शिकवलंय तुला.”

“अरे, फक्त चाचणीला टाकला होता मी. सरांनी परस्पर...”

“तू मोजत होतीस. पायरीवर उभी राहून, बोट हलवत. मी बघितलं.” तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला धीर आला असता. “नऊ महिने उघडतोय मी. वाटायचं, यातला एखादा तरी माझा असेल. शुक्रवारी वाटलं, हा माझा. आईला सांगून आलो होतो की आज कदाचित उशीर होईल, कुणाला तरी घेऊन येईन.”

“ऐक ना. मी बघू म्हणाले होते, ते चुकलं माझं.”

“हो. तेच लिहिलंयस,” तो म्हणाला. “चांगली ओळ आहे.”

फोन बंद झाला.

मी तसाच धरून ठेवला. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण कशावर चिडणार? तुझी आठवण येते म्हणावं, तर ते दिवाळीच्या मेसेजात गेलं होतं. जेवलास का म्हणावं, तर ते दर मंगळवारी जायचं. चुकलं म्हणावं, तर ते पंचवीस जण खिशात घेऊन बसले होते. माझ्याजवळ त्याच्या एकट्यासाठी एक शब्द उरलेला नव्हता. माझ्या हातानं मी सगळे वाटून टाकले होते.

सोमवारी सर दारातच उभे होते. “मगदूम, शंभरातले अकरा परत आले. अकरा. ह्या धंद्यात कुणी ऐकलं नसंल असं. चाचणीला टाकून ठेवलास आणि सांगितलं नाहीस व्हय? आणि ती ‘तू’ची युक्ती कुठनं सुचली तुला?” मी यादी उघडली. पाचव्या नंबरपुढं ‘थांबवा’ लिहिलेलं होतं. वेळ रविवारची, पाच वाजून चार मिनिटं.

मी तो नंबर काढला. मग सरांना म्हटलं, या महिन्यानंतर मी येणार नाही. ते म्हणाले, पगार वाढवतो. तबस्सुम उठली. तिनं कोष्टीच्या कप्प्यातला आपला डबा काढला आणि माझ्यासमोर उघडून ठेवला. तिनं मेसेज उशिरा का होईना वाचला होता, हे मला कळलं.

त्याला मी नंतर दोनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. पत्र लिहायला बसले, तर पहिली ओळ लिहून झाली की वाटायचं, ही गेलेली आहे. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं, असं मावसबहिणीनं सांगितलं. मुलगी कुठली ते मी विचारलं नाही.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. सहा वाजेपर्यंत एकेक करून सगळे उठून गेले. कुणी कुणाकडं बघितलं नाही. एक चपला शोधत राहिला, एकानं आणलेला गजरा नदीत सोडला. तासगावचे काका तेवढे राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. सांगावं की, काका, ती बाई म्हणजे मी. तोंडापर्यंत आलं होतं.

“तुमचं पण माणूस आलं न्हाई वाटतं,” तेच म्हणाले.

“आलं होतं,” मी म्हटलं. “परत गेलं.”

त्यांनी रुमाल सोडला. आत भडंग होतं. “तिच्यासाठी आणलं होतं. आता तुम्हीच खावा,” म्हणून त्यांनी रुमाल आमच्या मधोमध पसरला. मी लसणाच्या पाकळ्या निवडून एका कडेला ठेवल्या. निवडताना हात थांबत नव्हते आणि डोळेही. काकांनी त्या पाकळ्या एकेक करून खाल्ल्या.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी मी चारला परत घाटावर गेले. कशाला गेले ते मला विचारू नका. तो कुठल्या गाडीनं येतो आणि कुठल्या गाडीनं जातो, हे मला ठाऊक होतं, आणि पूल तिथून दिसतो. काका आधीच आलेले होते, रुमाल मांडीवर घेऊन. त्याच्या पुढच्या महिन्यातही होते. सरांच्या भाषेत, महिन्यावर टिकले ते आम्ही दोघंच. सव्वा वर्ष आम्ही असे बसलो. मग काकांचं येणं थांबलं.

दर वेळी निघताना ते पुलाकडं बघायचे आणि विचारायचे, “येईल म्हणता का ओ?”

“बघू,” मी म्हणायचे.